चित्रकार कुठे उभा आहे, ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे, मानवाकृतीच रंगवायची आहे. एखाद्या चित्रकाराचं सिंहावलोकनी प्रदर्शन पाहायला गेलं की चाळीस-पन्नास वर्षांची चित्रं एकदम अंगावर येतात आणि तासाभरात डोकं बधिर होतं. अशा प्रदर्शनात नेमकं काय पाहायचं? सुधीर पटवर्धन कलाशाळेत शिकले नाहीत, डॉक्टरकी करत चित्रं काढली. त्यांच्याकडून आमच्यासारख्यांनी काय घ्यायचं?"

मी स्वतः माणसंच रंगवतो आणि बरीच वर्षं लाइफ क्लास, म्हणजे समोर मॉडेल बसवून माणूस काढायला शिकवणारा वर्ग, घेतो, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो. प्रत्येक चित्रासमोर आधी एकच गोष्ट शोधा: चित्रकार कुठे उभा आहे? समोरच्या माणसापासून किती अंतरावर? त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, त्याच्या खाली की वर गच्चीवर? त्या माणसाला आपल्याकडे कुणी बघतंय हे ठाऊक आहे का? रंग, हाताळणी, विषय हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण माणसं रंगवणाऱ्याच्या बाबतीत त्याचा बराचसा उलगडा या एका प्रश्नातून होतो. सुटं चित्र पाहताना तो लक्षात येत नाही. सगळी कारकीर्द एका छताखाली आली की अंतर कसं बदलत गेलं ते दिसतं, आणि सिंहावलोकनी प्रदर्शनाचा खरा फायदा मला हाच वाटतो.

पटवर्धनांचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी', नोव्हेंबर २०१९च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२०पर्यंत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे आपल्या एनजीएमएत होतं. क्युरेटर, म्हणजे चित्रांची निवड आणि मांडणी करणाऱ्या, नॅन्सी अदजानिया. ही वास्तू म्हणजे जुना सर कावसजी जहांगीर हॉल, १९११चा, जॉर्ज विटेटने बांधलेला. १९९६पासून तिथे एनजीएमए आहे. आतली दालनं अर्धगोलाकार, एकावर एक, जिन्यांनी जोडलेली. सरळ भिंत मिळणं मुश्कील, त्यामुळे मोठी चित्रं लावणाऱ्याची तिथे परीक्षा असते. पण पाहणाऱ्याला जिने चढत जावं लागतं, दोन टप्प्यांमध्ये आपोआप थांबावं लागतं, आणि अशा प्रदर्शनात ते थांबणं उपयोगी पडतं.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. जन्म १९४९, पुणे. १९७२ साली पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर. १९७३मध्ये मुंबई. १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे काढून तपासणारे डॉक्टर. तरुणपणी डाव्या विचारांचा घट्ट प्रभाव. चित्रकला स्वतःची स्वतः शिकलेली. सेझान, लेजे, पिकासो हे युरोपातले आधुनिक चित्रकार म्हणजे पुस्तकांतून भेटलेले गुरू. १९७९ साली दिल्लीच्या आर्ट हेरिटेज या कलादालनात, नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या पुढाकाराने, पहिलं एकल प्रदर्शन.

त्या काळच्या मुंबईत काय चाललं होतं तेही ध्यानात घ्या. पळशीकर, गायतोंडे, बरवे, कोलते अशा नावांमुळे अमूर्त चित्रकलेला इथे मोठा मान होता आणि तो रास्त होता. त्यांचं काम अस्सल आहे. पण अशा हवेत कामगार, फेरीवाला, लोकलमधला प्रवासी रंगवायला घेणं म्हणजे "इलस्ट्रेशन करतोय", नुसती गोष्टीला जोडायची चित्रं काढतोय, हा शिक्का कपाळी मारून घेणं. मानवाकृती रंगवणाऱ्या विद्यार्थ्यांना हे वाक्य आजही ऐकावं लागतं.

आता चित्रांकडे. सत्तरच्या दशकातल्या चित्रांत माणूस जवळ आहे. हाताच्या अंतरावर, कधी त्याहूनही जवळ. एकटा, जड, चौकट भरून उरणारा. १९७७चं 'रनिंग वूमन' घ्या. लाइफ क्लासमध्ये बसलेला माणूस काढायला आपण शिकतो, उभा शिकतो. धावणारा माणूस कुणी शिकवत नाही, कारण मॉडेल धावू शकत नाही. त्यात साडी. साडीमुळे पाय झाकले जातात, म्हणजे धावण्याची मुख्य खूणच हातातून जाते. मग धावणं दाखवायचं कशातून? खांद्याच्या आणि कमरेच्या विरुद्ध दिशांच्या पिळातून, पोटऱ्यांवर आवळल्या जाणाऱ्या कापडातून, डोकं धडाच्या किती पुढे गेलंय यातून. आणि वजनातून. शहरात घाईने धावणाऱ्या बाईचं शरीर हरिणासारखं उडत नाही, जमिनीला धरून पळतं. ते जडपण रंगात आणायचं तर घनता बांधावी लागते: मोठे आकार, त्यांच्या कडा स्पष्ट, सावली मऊ पसरवलेली नाही, तुकड्यातुकड्यांनी रचलेली. सेझान आणि लेजे इथे कामाला आले. लेजेच्या कामगारांचं शरीर यंत्रासारखं गुळगुळीत आहे. पटवर्धनांनी त्यातली घनता घेतली, गुळगुळीतपणा सोडला. आपल्याकडची माणसं राबून थकलेली असतात, त्यांच्या चामडीला तो चकचकाट शोभला नसता.

या जवळिकीत एक मोठा धोका असतो. गरीब माणूस जवळून रंगवला की हमखास कणव उतू जाते. मोठे पाणीदार डोळे, सुरकुत्या, फाटका सदरा. असली चित्रं दिवाणखान्यात टांगली जातात आणि बघणाऱ्याला स्वतःच्या मनाच्या मोठेपणाचं समाधान देतात. पटवर्धनांनी हे पहिल्यापासून टाळलं. आपण ज्यांना रंगवतो त्या माणसांना या चित्रात स्वतःची प्रतिमा सापडावी, ही त्यांची जाहीर भूमिका होती. ही अट फार कडक आहे. चित्र ज्याचं आहे तो समोर येऊन उभा राहिला तर त्याला लाज वाटेल का, की "हा मी" असं वाटेल, हे प्रत्येक हाताच्या, प्रत्येक ओठाच्या रेषेला विचारायचं. त्या काळातल्या त्यांच्या आकृत्या दणकट आहेत, दयनीय नाहीत. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) पाहा. मुंबईत ज्याने एकट्याने इराण्याकडे चहा घेतलाय त्याला ती बैठक ओळखीची वाटेल.

रेडिओलॉजीबद्दल एक बोलून टाकतो. त्यांच्यावर लिहिणारे बरेच जण एक्स-रे आणि चित्र यांची जोडी लावतात: हा माणूस शरीराच्या आत बघतो वगैरे. वाचायला छान वाटतं, पण चित्रांसमोर उभं राहिलं की मला ते फारसं पटत नाही. त्यांच्या आकृत्या पारदर्शक नाहीत, उलट भरीव आहेत. पेशाने दिलं ते वेगळंच. तीस वर्षं ठाण्यासारख्या कामगारांच्या, चाकरमान्यांच्या गावात रोज माणसं समोर येतात, शर्ट काढतात, श्वास रोखून उभी राहतात, दुखतं ते सांगतात. कपड्यांशिवायचं, पोज न घेतलेलं, घाबरलेलं शरीर एवढ्या संख्येने कोणत्याही लाइफ क्लासमध्ये बघायला मिळत नाही. मॉडेलला आपण पैसे देतो आणि ते शरीर आपल्यासाठी उभं राहतं. दवाखान्यात शरीर स्वतःच्या गरजेसाठी आलेलं असतं. हा फरक त्यांच्या आकृत्यांत मला सगळीकडे दिसतो.

१९८१ साली 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत झालं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम्, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि पटवर्धन. सोबतचा लेख कलासमीक्षक गीता कपूर यांचा. चित्रात माणसाला, त्याच्या जागेला आणि गोष्टीला पुन्हा स्थान मिळालं पाहिजे, अशी ती मांडणी होती. या सुमाराची पटवर्धनांची चित्रं म्हणजे 'ट्रेन' (१९८०), 'ओव्हरब्रिज' (१९८१), 'अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे' (१९८१). नावांवरूनच कळतं की एकटा माणूस आता माणसांत आला. चित्रकारही गर्दीत शिरला. त्याच्या डोळ्यांची पातळी प्रवाशाचीच आहे, तो त्याच गाडीने जाणारा आहे. गर्दी रंगवताना आपण सगळे एक चूक करतो: पुढची दोन-तीन माणसं नीट काढतो आणि मागे डोक्यांची रांग भरून टाकतो. त्यांच्या गर्दीच्या चित्रासमोर उभं राहून मागच्या ओळीतला एक माणूस निवडा आणि त्याची मान, खांदा, हात यांचा पाठपुरावा करा. त्यालाही स्वतःचं वजन दिलेलं आढळेल.

मग अंतर वाढायला लागतं. ऐंशीच्या दशकात ठाण्याचा परिसर चित्रात येतो: 'नल्ला' (१९८५), पुढे 'पोखरण' (१९९१). डोंगर, खाणी, नाले, अर्धवट बांधकामं, आणि त्यात माणूस लहान. आजच्या ठाण्यात पोखरण रोडवर टॉवर पाहिलेल्यांनी ही चित्रं मुद्दाम बघावीत. काळही ध्यानात असू द्या. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्यांची मुंबई हळूहळू विझत गेली. ज्या कामगाराला इतिहासाचा नायक मानून एका पिढीने चित्रं काढली, कविता लिहिल्या, तो कामगार रस्त्यावर भाजी विकायला बसला. दणकट एकट्या आकृतीवरचा विश्वास त्याच रूपात टिकणं अवघडच होतं. चित्रकार मागे सरकला, वर चढला, आणि शहरच आता शरीरासारखं रंगवू लागला, असं मी या टप्प्याकडे बघतो.

इथे तंत्राचा भाग मोलाचा आहे, म्हणून जरा थांबतो. 'उल्हासनगर' आणि 'लोअर परळ' (दोन्ही २००१) ही रुंद, पसरलेली शहरचित्रं. आपल्याला शिकवलेलं यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) असं: क्षितिजरेषा एक, लोपबिंदू एक किंवा दोन, आणि सगळ्या रेषा तिकडे धावतात. हे गणित एका जागी खिळलेल्या, एक डोळा मिटलेल्या माणसाचं आहे. शहरात आपण असं बघतच नाही. पुलावरून चालताना खाली बघतो, मग समोर, मग उजवीकडे मान वळवतो. गिरणीचं छप्पर वरून दिसतं आणि पुलाच्या कठड्याला टेकलेला माणूस समोरून. एवढं सगळं एका कॅनव्हासवर आणायचं तर नजरेच्या अनेक जागा एकमेकींना जोडाव्या लागतात. सांधा कुठे लपवायचा हा खरा प्रश्न. एखादी भिंत, झाड, रस्त्याचं वळण किंवा पुलाचा खांब अशा जागी येतो की त्याच्या अलीकडे एक नजर आणि पलीकडे दुसरी, आणि डोळ्याला ठेच लागत नाही. या चित्रांसमोर पट्टीसारखं बोट धरा आणि छपरांच्या कडा कुठे जाऊन मिळतात ते तपासा. एका ठिकाणी मिळत नाहीत. तरी चित्र कोसळत नाही, कारण रंगाचा पडदा सगळीकडे एकसंध आहे आणि माणसांची उंची हळूहळू, चोरपावलांनी बदलवली आहे. हे नुसतं वाचून येणार नाही. स्टेशनवरच्या पुलावर जाऊन, तीन वेगवेगळ्या जागी उभं राहून केलेली तीन स्केचेस एका कागदावर जोडून पाहा. पहिल्या प्रयत्नात कागद फाटल्यासारखा दिसेल. सांध्याची जागा शोधत राहा.

या दोन टप्प्यांच्या मध्ये 'रायट' (१९९६) आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रदर्शनाची गाठ तिथे बसते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींनंतरचं हे चित्र. दूर गेलेला चित्रकार एकदम जवळ ओढला जातो. एका माणसावर तुटून पडलेली माणसं. तीच दणकट शरीरं, तेच भरीव दंड, ज्यांना आधीच्या चित्रांत श्रमाची प्रतिष्ठा होती, ते आता मारायला उचललेले आहेत. मानवाकृतीवर विश्वास ठेवणाऱ्या चित्रकाराला यापेक्षा कठीण परीक्षा नसावी. आणि आपला प्रश्न इथे सगळ्यात टोचतो: चित्रकार कुठे उभा आहे? इतक्या जवळून बघणारा माणूस त्या घोळक्यातच असला पाहिजे. कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांनी पटवर्धनांवरच्या २००४च्या पुस्तकाला 'द कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर' असं नाव दिलं. बघणाराही त्या घटनेत सामील आहे, हा त्यातला भाव 'रायट'समोर उभं राहिल्यावर अंगावर येतो.

पुढची वाट घरात जाते. २०११च्या 'फॅमिली फिक्शन' या प्रदर्शनातल्या चित्रांत खोल्या, दारं, खिडक्या, एकाच घरात एकमेकांकडे न बघणारी माणसं, वाढतं वय. रस्त्यावरच्या माणसासाठी ज्याने आयुष्य घालवलं तो घरात वळला याचं काहींना वाईट वाटलं. मला तसं वाटत नाही. मध्यमवर्गीय डॉक्टराने कामगार रंगवताना स्वतःची जागा कायम तपासली. मग स्वतःच्या वर्गाचं घर, त्यातला एकटेपणा तेवढ्याच कठोरपणे तपासणं ओघाने आलंच. या चित्रांत चौकटीतल्या चौकटी बघा. दारातून खोली, खोलीतून खिडकी, खिडकीतून शहर. अंतर आता मीटरमध्ये मोजता येत नाही. दोन माणसं एका सोफ्यावर आहेत आणि तरी लांब आहेत.

'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' (२०१४) या सात फलकांच्या प्रचंड चित्राबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. गिरण्यांच्या मुंबईपासून काचेच्या इमारतींच्या मुंबईपर्यंतचा पट त्यात आहे, आणि एवढं मोठं काम तोलून धरणं ही साधी गोष्ट नाही. पण सगळं सांगून टाकण्याची निकड काही फलकांत चित्रावर कुरघोडी करते. जिथे एखादा माणूस नुसता उभा आहे, काहीच सिद्ध करत नाही, तिथे मी जास्त वेळ थांबतो. मोठ्या चित्रकाराच्या कारकिर्दीत आपल्याला कमी भावलेलं काम शोधणं आणि का कमी भावलं हे स्वतःशी स्पष्ट करणं, हाही सिंहावलोकनी प्रदर्शनाचा अभ्यासच आहे. सगळंच थोर म्हणून बाहेर पडलात तर काही पाहिलं नाही असं समजा.

आता डोकं बधिर होण्यावर उपाय. पहिली फेरी पाट्या न वाचता, भरभर, शेवटपर्यंत मारा. कुठे पाय आपोआप थांबले तेवढंच लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत फक्त साल वाचा, नाव नको, भिंतीवरचा मजकूर नको. कोणत्या दोन सालांच्या मध्ये मोठी उडी आहे? कोणती वर्षं रिकामी आहेत? रिकाम्या वर्षांत चित्रकार अडलेला असतो किंवा एखादी जुनी रीत सोडत असतो, आणि त्यानंतरचं पहिलं चित्र बहुधा अवघडलेलं, अर्धं जमलेलं असतं. तेच सगळ्यात शिकवणारं. तिसऱ्या फेरीत पाच चित्रं निवडा आणि प्रत्येकाचं स्केच करा, फोटो नको. फोटोत अंतर नाहीसं होतं, आठ फुटी कॅनव्हास आणि वहीच्या कागदावरचं रेखाटन सारखंच दिसतं. स्केच करताना हात आणि पावलं सोडू नका. पटवर्धनांच्या चित्रात पावलं जमिनीला कशी टेकतात यावर एक आख्खा तास घालवता येईल. रेखाटनं शेवटी पाहा, आधी नाही. चित्र पाहिल्यावर रेखाटनात काय गाळलं आणि काय नव्याने आलं ते ठळक होतं. क्युरेटरचा मजकूर घरी जाऊन वाचा. तो महत्त्वाचा असतो, पण तुमचा डोळा आधी कामाला लागू दे.

हयात चित्रकाराचं आणि गेलेल्या चित्रकाराचं सिंहावलोकन यांत फरक असतो, तोही जाणून घ्या. खख्खर २००३ला गेले आणि लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन २०१६ला भरलं. तिथे क्रम, निवड, अर्थ सगळं इतरांच्या हाती. पटवर्धनांच्या बाबतीत चित्रकार स्वतः त्या दालनांतून फिरू शकत होता, आणि नंतरही तो कामाला लागलेला आहे. पुढच्या काळातल्या त्यांच्या चित्रांत उद्ध्वस्त झालेली शहरंही आली. म्हणजे ज्याला आपण शेवटचं दालन समजलो ते मधलंच होतं. अशा प्रदर्शनातून चित्रकाराचा "प्रवास पूर्ण" वगैरे निष्कर्ष काढायची घाई करू नका.

राहिला नोकरीचा प्रश्न. पटवर्धन एकटे नाहीत. खख्खर बडोद्यात हिशेबनिसाचं काम करत. गीव्ह पटेल मुंबईत दवाखाना चालवत, शिवाय कवी आणि नाटककार. तिघांनीही प्रामुख्याने माणूस रंगवला, हा मला योगायोग वाटत नाही. रोज अनोळखी माणसांशी कामाचा संबंध येणाऱ्याच्या डोळ्यांत माणसांचा साठा होतो. पण दुसरी बाजूही स्वच्छ सांगतो. नोकरीमुळे मोठ्या कॅनव्हासला सलग दिवस मिळत नाहीत, तेलरंगाचा ओला थर सुकून जातो, काल काय विचार होता ते आठवण्यात सकाळ जाते. म्हणून नोकरी करणाऱ्याने रोज रेखाटन करावं आणि रंगवणं सुट्ट्यांना जोडून ठेवावं. चित्र विकलं जाण्याची घाई नसल्याने बाजार काय मागतो याकडे पाठ फिरवता येते, हा मोठा लाभ. कलाशाळेत न गेल्याने काय राहतं? मुख्यतः सोबत आणि कडक बोलणारे मित्र. ते त्यांनी 'प्लेस फॉर पीपल'च्या मंडळींत मिळवले. तुम्हाला ते वर्गातच मिळालेत, वर्ष संपल्यावर त्यांना सोडू नका.

मूळ चित्रं पाहायची असतील तर एनजीएमएच्या संग्रहातलं काय सध्या भिंतीवर आहे याची आधी फोन करून चौकशी करा, कारण बरंचसं काम गोदामात असतं. अमेरिकेत असलेल्यांसाठी सेलम इथल्या पीबडी एसेक्स म्युझियममधल्या भारतीय चित्रांच्या हर्विट्झ संग्रहात त्यांचं काम आहे. आणि जे मुंबईपासून लांब आहेत, त्यांच्यासाठी एक माहिती: २००८मध्ये पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन स्वतः निवड करून महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं. मूळ कॅनव्हास मुंबईबाहेरच्या माणसाला बघायला मिळाला पाहिजे, या आग्रहातून. तुमच्या जिल्ह्यात असं काही पुन्हा यावं असं वाटत असेल तर कॉलेजच्या प्राचार्यांकडे, नगरपालिकेच्या नाट्यगृहाकडे रिकाम्या भिंतीची विचारणा करायला सुरुवात करा. भिंत, उजेड आणि राखणीला माणूस एवढं जमलं तर चित्रं द्यायला तयार असणारे चित्रकार मी सुचवू शकतो.